डावीकडून दुसरा, नाईक जी.

नेपरव्हिल, ९ नोव्हेंबर २००४

अक्का,

वर मायना घातलेला नाही. छत्तीस वर्षांनी काय घालायचा ह्यावर अर्धा तास डोकं खाजवलं आणि नाद सोडला. अक्षर तू ओळखलंच असशील. पत्र चुलीत घालणार असशील तर खुशाल घाल, पण आधी पाकिटातला फोटो काढून घे. माझ्यावरचा राग त्याच्यावर काढू नकोस.

फोटोत तिघं उकिडवे बसलेत. मागे होडीचा लोखंडी दरवाजा, पायाखाली चिखल. कडेचे दोघं गोरे, टोप्या तिरक्या घातलेले. मधला आपल्यातला आहे. डोकं उघडं, हातात पत्र्याचा मग, कुणीतरी काहीतरी बोललंय म्हणून हसतोय. त्या मधल्याकडे नीट बघ, अक्का. मी काय विचारणार आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल.

हा सापडला सौमित्रला. सौमित्र म्हणजे माझा मुलगा, तू त्याला पाहिलेलं नाहीस. चौतीस वर्षांचा घोडा झालाय, कॉम्प्युटरमध्ये नोकरी करतो, रोज ट्रेनने शिकागोला जातो. सध्या त्याला वंशावळीचं खूळ लागलंय. "डॅड, ग्रँडपा नेव्हीत होते ना? मग नेम सर्च करून बघू." केलं सर्च. विलायतेत कमांडोंची मुलं-नातवंडं मिळून एक वेबसाइट चालवतात. कमांडो म्हणजे दुसऱ्या महायुद्धात होडीतून शत्रूच्या किनाऱ्यावर सगळ्यात आधी उतरणारे ब्रिटिश शिपाई. ही मंडळी घरच्या ट्रंकांतले फोटो तिथे टाकतात आणि एकमेकांना विचारत बसतात, हा कुणाचा बाप, ही बंदूक कुठली, हा पट्टा कुठल्या सालचा. साठ वर्षं झाली तरी विचारताहेत. मला आधी हसू आलं.

मग हा फोटो आला. खाली इंग्रजीत एवढंच आहे: "डावीकडून: व्हिटलो, नाईक जी., डन. आराकान, जानेवारी १९४५."

नाईक जी. म्हणजे गुरुनाथ नाईक. आणि साल पंचेचाळीस!

तुला हे सांगायला नको, पण लिहितो, कारण मी ते कागदावर कधी लिहिलेलं नाही. मार्च चव्वेचाळीसमध्ये नौदलाचा कागद आला की बोटीचा बॉयलर पेटता ठेवणारा स्टोकर गुरुनाथ नाईक मुंबई बंदरातून पळून गेला. पोलीस आले, माळा उचकटला, भाताच्या कणगीत काठ्या खुपसल्या. त्या दिवसापासून वेंगुर्ल्यात आपण पळपुट्याची पोरं. शाळेत माझ्या पाठीवर खडूने 'प' काढायचे. तुझी तीन ठिकाणी ठरलेली लग्नं मोडली आणि शेवटी तुला बिजवराच्या गळ्यात बांधली. आई मरेपर्यंत कुंकू लावत राहिली, कारण पळालेला माणूस जिवंत असतो.

आणि मी दिवटा काय केलं? पुण्याला वसुधाच्या माहेरी कुणी चौकशी करू नये म्हणून लग्नपत्रिकेत बाबांच्या नावाआधी 'कै.' छापून घेतलं. कपाळभर कुंकू लावलेल्या आईच्या हातात ती पत्रिका पडली. ती लग्नाला आली नाही. तू आलीस, मांडवाच्या दारात पत्रिकेचे चार तुकडे केलेस आणि आल्या पावली परत गेलीस. आई गेली तेव्हा मी इथून वीस दिवसांनी पोचलो आणि तू दार उघडलं नाहीस. बरोबरच केलंस.

आता ऐक. पंचेचाळीसच्या जानेवारीत बाबा ब्रह्मदेशात आराकानच्या चिखलात बसून कमांडोंबरोबर चहा पीत असतील, तर ते चव्वेचाळीसच्या मार्चमध्ये पळालेले नाहीत. कुणा कारकुनाने भलत्याच नावापुढे शेरा मारला असणार. कमांडोंना किनाऱ्यावर सोडायला आपल्या नौदलाच्या होड्या जायच्या, हे मी वाचून काढलंय. म्हणजे बसतंय सगळं. मी जन्मभर पुलांची डिझाइनं तपासली, काय बसतं आणि काय नाही ते मला कळतं.

फक्त चेहरा कळत नाही. बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो, आणि घरातला त्यांचा एकुलता एक फोटो पोलिसांनी नेला. तू नऊ वर्षांची होतीस. त्यांना पाहिलेलं माणूस आता तू एकटी उरलीस. तुझ्या चंदूला फोन केला होता, तो म्हणाला तुला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला गोव्याला नेतात. म्हणून घाई करतोय. मला पत्र लिहू नकोस, नुसतं हो की नाही ते सुनेकडून कळव.

त्र्यंबक


नेपरव्हिल, २३ जानेवारी २००५

अक्का,

तुझ्या सुनेचं, शुभाचं अक्षर सुंदर आहे, पण आवाज तुझाच आला. "बाबाच. डावो कान बघ. पुढचा कळव." मोजले मी, सहा शब्द. छत्तीस वर्षांचे सहा म्हणजे तुझ्या मानाने भरपूर झाले!

अगं, मी रडलो. बाहेर गुडघाभर बर्फ पडलेला, स्नो शॉव्हल करायचा सोडून साठी उलटलेला म्हातारा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हमसून हमसून रडत होता. सौमित्रने विचारलं, "डॅड, इज इट बॅड न्यूज?" मी म्हटलं, नाही रे बाबा, तुझा आजोबा पळपुटा नव्हता. त्याला ह्यात रडण्यासारखं काय ते कळेना. त्याचं बरोबर आहे, त्याच्या पाठीवर कुणी काही लिहिलेलं नाही.

भिंगातून कान बघितला. वरची पाळी आत मुडपलेली आहे, कुणी चिमटीत धरून दुमडल्यासारखी. हे तुझ्या एवढं लक्षात राहिलं? तू त्यांच्या खांद्यावर बसायचीस तेव्हा कान धरायचीस, असं आई सांगायची. तेच ना? मग मी आरशात माझा कान बघितला. सरळ आहे. सौमित्र ड्राइव्ह करत होता तर शेजारी बसून त्याचा बघत राहिलो. तो म्हणाला, "डॅड, व्हॉट?" त्याचाही सरळ आहे. एखाद्याचा असतो, एखाद्याचा नसतो.

पुढचं कळव म्हणालीस म्हणून कळवतो. डावीकडचा जो व्हिटलो आहे त्याच्या मुलाशी माझी ईमेलवर ओळख झाली. डेरेक त्याचं नाव. जन्मभर प्लंबरचं काम केलं, आता रिटायर होऊन बापाच्या फोटोंतली एकेक वस्तू ओळखत बसलाय. त्याच्या बापाच्या अंगाभोवती दोरी गुंडाळलेली दिसते ना? तिच्या एका टोकाला लाकडी खुंटी असते, दुसऱ्या टोकाला फास. दहा जणांनी आपापली दोरी एकमेकांत अडकवली की नाला ओलांडायला झुलता पूल तयार. मला तर ती दोरी बघूनच ते लोक आवडायला लागले. उजव्या डनच्या कमरेला खंजीर आहे. डेरेकला त्या खंजिराच्या मुठीवरून कारखाना सांगता येतो. आपल्याकडे बायका साडीच्या काठावरून गाव सांगतात तसं.

बाबांच्या अंगावरचे बूट आणि पट्टा मात्र कमांडोंचे नाहीत, असं तो म्हणतो. साहजिकच आहे, बाबा कमांडो कुठे होते! तो म्हणतो बाहीवरही काहीतरी शिवलंय, पण स्कॅन पुसट आहे. डनच्या घरी ह्याच फोटोची दुसरी प्रत निघाली आहे, ती मोठी करून पाठवतो म्हणालाय. ते येईल तेव्हा येईल. तू त्याची काळजी करू नकोस.

औषधं वेळेवर घे. पाणी मोजून प्यायला सांगितलंय म्हणे, तुझे मेले आधीपासून कुणाचं ऐकायचे वांधे. ह्या बाबतीत ऐक.

तुझा
त्र्यंबक


नेपरव्हिल, ११ एप्रिल २००५

अक्का,

तुझी दोन पत्रं आली आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. गुडघे धरलेत, शिवाय इथे टॅक्सचे कागद भरायचे दिवस असतात, शिवाय सौमित्रकडे पेंटर आले होते. एवढी कारणं देणारा माणूस खोटं बोलतो असं तू लहानपणी म्हणायचीस.

चंदूने फोटो मोठा करून सागवानी चौकटीत बसवला, हार घातला, हे वाचलं. पोलीस पाटलाचा रवींद्र घरी आला, फोटोपुढे हात जोडले आणि "आमच्या बापाशीन तुमच्या घरात काठ्यो खुपसल्यान, माफी करा" म्हणाला, हेही वाचलं. रवींद्रनेच माझ्या पाठीवर 'प' काढला होता, तुला माहीत नसेल. सत्तरी गाठलेला माणूस काठी टेकत माफी मागायला आला, मला आनंद व्हायला हवा. झाला. थोडा झाला.

पण १ मे रोजी शाळेत कार्यक्रम कशाला? झेंडावंदन, तुझा सत्कार, "आराकानच्या रणभूमीवरील वेंगुर्ल्याचा सुपुत्र" हे भाषण, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? हेडमास्तरांना सांग की थांबा. मे महिन्याच्या उन्हात तुला दोन तास बसवतील, डायलिसिसच्या बाईला! चंदूला अक्कल नको? आणि माझं म्हणशील तर अजून कागदपत्रं यायची आहेत. मी इंग्लंडला लिहिलंय, दिल्लीला लिहिलंय. सगळं हातात आलं की मग करा काय करायचं ते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

सौमित्र माझ्याशी धड बोलत नाही. परवा जेवताना म्हणाला, "डॅड, यू हॅव टु टेल हर." मी म्हटलं, तू तुझा भात खा.

त्याचं आपलं काहीतरी असतं. तू मनावर घेऊ नकोस.

रागावू नकोस पण कार्यक्रम पुढे ढकल. मी सांगतोय म्हणून ढकल. पुष्कळ वर्षांनी तुझ्याकडे काहीतरी मागतोय.

त्र्यंबक


नेपरव्हिल, १४ ऑक्टोबर २००५

अक्का,

हे पत्र शुभाने वाचायला घेतलं असेल तर तिला म्हणावं, आधी आत्याच्या पाठीला उशी दे, पाणी जवळ ठेव, आणि मधे थांबू नकोस. आत्या कुठली, सासू. बघ, नातीसुद्धा चुकतोय.

तुझं पत्र आलं. ह्या वेळी तुझ्या स्वतःच्या अक्षरातलं, ओळी उताराला लागलेल्या. "कै. बाबांचो फोटो भिंतीर लावलो. औंदा आयेची नवमी नाय केली. तूच बरोबर होतस. तेव्हाचा मनात धरू नको."

पंचवीस वर्षं तू पितृपंधरवड्यातल्या अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालत आलीस, कारण आई कुंकवानिशी गेली. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईची ती नवमी. ती तू यंदा बंद केलीस. बाबा आईच्या आधी गेले असं तू मान्य केलंस, माझ्या फोटोवर विसंबून. आणि ज्या 'कै.'साठी मांडवात पत्रिका फाडलीस ते तू स्वतःच्या हाताने लिहिलंस, आणि मला माफ केलंस.

ही माफी मला घेता येत नाही, अक्का. फोटोतला माणूस बाबा नव्हे.

नाईक हे त्याचं आडनाव नाही, हुद्दा आहे. शिपाई, लान्सनाईक, नाईक, हवालदार. आपल्या वाडीत पेन्शनीत आलेले डझनभर हवालदार होते, त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. हे शेंबड्या पोराला कळतं. मी नाईकाच्या घरात जन्मलो म्हणून मला कळलं नाही. आपलं नाव कुठे छापलेलं दिसलं की माणूस पुढचं वाचतच नाही.

दोन फेब्रुवारीला डेरेकने दुसरी प्रत पाठवली. तिच्यात बाहीवरच्या दोन पट्ट्या स्पष्ट दिसतात. त्या सैन्यातल्या नाईकाच्या. बूट सैन्याचे, पट्टा सैन्याचा, बोटीवरच्या स्टोकरचं त्याच्या अंगावर काही नाही. आणि मागे डनच्या हातचं लिहिलंय, "नाईक गुल मोहम्मद, आमचा सिग्नलवाला, देवमाणूस." खाली डेरेकची ओळ होती: नाईक म्हणजे कॉर्पोरल, मित्रा, तू इंडियन आहेस, मला वाटलं तुला माहीत असेल.

जी म्हणजे गुल.

आता डेरेकने त्याचे लोकही शोधले. झेलमकडचे, म्हणजे आता पाकिस्तानात. नात इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. तिने लिहिलंय की आजीने फोटो हातात घेतला आणि कानावरून ओळखला. आजी नव्वदीची आहे. तुझी चूक नाही, अक्का. साठ वर्षं तू एक दुमडलेला कान सांभाळून ठेवलास, आणि दुमडलेले कान जगात पुष्कळ आहेत.

फेब्रुवारीत कळलं आणि ऑक्टोबरात सांगतोय. मधले आठ महिने गुडघे धरले होते असं मी म्हणणार नाही. तुझी पत्रं येत होती. "त्र्यंबका, जेवलंस?" असं विचारणारं आता कुणी नाही. वसुधा जाऊन चार वर्षं झाली, सौमित्र विचारतो ते "डॅड, डिड यू ईट?" ते वेगळं. मला ती पत्रं हवी होती. तुझा गैरसमज मी पोसला, कारण त्याच्या जोरावर तू मला लिहीत होतीस.

आणि ह्याच्याही आधीचं एक आहे. तेही सांगून टाकतो, पुन्हा धीर होणार नाही. पहिल्याच दिवशी, स्क्रीनवर ती ओळ वाचली तेव्हा मला खटकलं होतं. व्हिटलोच्या पुढे अक्षर नाही, डनच्या पुढे अक्षर नाही, मग नाईकच्याच पुढे 'जी' का? आडनावं लिहायची तर सगळ्यांची तशीच लिहितील. हिशोब बसत नव्हता. मी कॉम्प्युटर बंद केला, बाहेर जाऊन फोटोच्या चार प्रती काढून आणल्या आणि तुला पत्र लिहायला बसलो. बसतंय सगळं, असं लिहिलं. पूल असता तर मी त्याच्यावर सही केली नसती.

इंग्लंडहून उत्तर आलं की आमच्याकडे काही नाही. दिल्लीहून एक ओळ आली: नाईक गुरुनाथ, स्टोकर, मार्च १९४४ मध्ये पळून गेल्याची नोंद, पुढे नोंद नाही. एवढंच आहे जगात बाबांचं. ते पळाले की बंदरात बुडाले की कुणी मारून टाकलं, हे आता कुणीही सांगू शकणार नाही. मी सगळी दारं ठोठावली. आता दारच उरलेलं नाही.

आईची नवमी पुढच्या वर्षी पुन्हा कर. किंवा नको करूस. मला खरंच कळत नाही, अक्का, काय करायचं असतं ते.

त्र्यंबक


नेपरव्हिल, २८ नोव्हेंबर २००५

चि. शुभा,

हे पान फक्त तुझं. सोबत दुसरी घडी आहे ती अक्काची. कुरिअरने पाठवतोय, म्हणजे चार दिवसांत पोचेल. हे वाचून झालं की फाडून टाक, चंदूलाही दाखवू नकोस. तो आईपुढे तोंड बंद ठेवू शकत नाही, पहिल्यापासूनचं आहे.

काल फोनवर मी तुला खोदून खोदून विचारलं आणि तू टाळत राहिलीस. शेवटी सांगितलंस ते बरं झालं. "तेव्हा बाबांका मारल्यान, आता पळपुटो केल्यान. तेची चिठी माका वाचून दाखवू नको." हे तिच्या तोंडचे शब्द. मी रागावलो नाही. लांडगा आला रे आला ह्या गोष्टीतल्या पोरासारखं झालं माझं. स्वतःच्या लग्नासाठी जो भाऊ बापाला मारतो, तो म्हातारपणी कुठल्या तरी जळफळाटाने बापाला पुन्हा पळवतो, असं तिला वाटलं तर त्यात तिचं काय चुकलं? आयुष्यात तिच्याशी खरं बोललो ते एकदाच, आणि नेमकं तेच तिला खोटं वाटलं.

तू म्हणालीस ती जेवत नाही. फोटोकडे पाठ करून झोपते, मग रडते आणि पुन्हा कूस बदलून त्याच्याकडे बघते. सुईच्या दिवशी गाडीत बसायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले दोन आठवडे डायलिसिस चुकलं तर संपलं. मी येतो म्हटलं तर तू विषय बदललास. मी समजलो. दार उघडणार नाही ती.

आणि मग तू म्हणालीस, "मामा, एकदाच लिहा ना, की चुकून लिहिलं. काय बिघडतं?"

काय बिघडतं ते सांगतो, कारण कुणालातरी सांगायला हवं. त्या झेलमच्या म्हातारीचा नवरा तुमच्या भिंतीवर हार घालून माझा बाप म्हणून बसणार. रवींद्रने त्याच्यापुढे हात जोडले, उद्या तुमची मुलं जोडतील. आणि माझा बाप, कुठे काय होऊन गेला तो, त्याला शोधणारं कुणीच उरणार नाही, कारण तो सापडलाय असं लेखी असेल. वर्षभर धडपडून मी एवढंच साधलं. असो. तू तिच्या तोंडात भात घालतेस, मी इथे सात समुद्रांपलीकडून शहाणपण शिकवतो, त्याला अर्थ नाही.

लिहिलंय. मोठ्या अक्षरात लिहिलंय, तिने हातात मागितलं तर दिसेल असं. ती नको म्हणाली तरी पहिली ओळ मोठ्याने वाच, पुढचं ती ऐकेल.

तिच्यानंतर फोटोचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, मला विचारू नका. उतरवलात तर कचऱ्यात टाकू नका. तो कुणाचा तरी बाप आहे.

मामा


ती. अक्कास,

मागचं पत्र मी चुकीचं लिहिलं. फोटोतले आपले बाबाच आहेत.

झालं असं की डेरेकने दुसऱ्याच एका फोटोबद्दल लिहिलं होतं आणि मी तो आपलाच समजलो. त्याने काल माफी मागितली. डोळे गेलेत माझे, इंग्रजी धड वाचता येत नाही आणि तुला भलभलतं कळवतो. सौमित्र मला खूप बोलला. तूही बोल, गाडीतून येता जाता बोल, पण गाडीत बस.

दिल्लीहूनही आता नीट उत्तर आलंय. त्यांनी जुनी नोंद खोडली. पळाल्याचा शेरा दुसऱ्या एका माणसाचा होता, तो चुकून बाबांच्या नावावर चढला. बाबा शेवटपर्यंत बोटीवर होते. आराकानलाच गेले, कामावर असताना, एका क्षणात, त्यांना काही कळलंसुद्धा नाही असं लिहिलंय.

तू नऊ वर्षांची असताना रस्त्यात लोकांना अडवून सांगायचीस की माझे बाबा पळालेले नाहीत. तुझंच खरं होतं. हे मी लेखी देतो आणि खाली पूर्ण सही करतो.

त्र्यंबक गुरुनाथ नाईक